स्थळ हाय का?

मी इंदापुरात ब्लाउज शिवते आणि लग्नं जुळवते. आधी नुसते ब्लाउजच शिवायचे. पण माप द्यायला आलेली बाई हात वर करून टेपाखाली उभी राहिली की तिला बोलल्याशिवाय राहवत नाही. एकीनं सांगायचं, पोरगी शिकली, आता कुठंतरी बघायला पाहिजे. दुसरीनं सांगायचं, पोरगा चांगला आहे पण जमतच नाही कुठं. आता या दोघींना एकमेकींचा नंबर द्यायला काय ज्योतिषी लागतो? मी दिला, त्यांचं जमलं, आणि मग लोक ब्लाउजाचं काम नसतानाही दुकानात येऊन बसायला लागले.

पुढं सगळ्यांच्या हातात मोबाइल आले तसं मी वधू-वरांचं पेज काढलं. आमच्याकडच्या माणसांना लांबण लावायची सवय नाही. नमस्कार नाही, चमत्कार नाही, पेजवर सरळ मेसेज येतो, 'स्थळ हाय का?' मीही तसंच उत्तर देते. असलं तर 'हाय', नसलं तर 'न्हाय'. मला 'आहे' लिहिता येत नाही असं कुणी समजू नये. येतं मला सगळं. पण ज्या बोलीत विचारलं त्या बोलीत उत्तर गेलं की समोरच्याला घरच्या माणसानं सांगितल्यासारखं वाटतं. शिवाय माझा एक नियम आहे. नसलेलं स्थळ मी कुणाला आहे म्हणून सांगत नाही. बघू, करू, होईल, असं गोड बोलून झुलवत ठेवणाऱ्या मध्यस्थांचा मला मनापासून तिटकारा आहे. माझं 'हाय' म्हणजे हाय, एवढा विश्वास इंदापूर आणि बारामती, दोन्ही तालुक्यांत मी कमावलेला आहे.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला असेल तो कोऱ्हाळे बुद्रुकच्या तात्यांनी. तात्यांचा ऊस चांगला, विहिरीला पाणी, स्लॅबचं घर, दारात ट्रॅक्टर. काही कमी नाही. पण घरात माणसं दोनच, तात्या आणि त्यांचा मुलगा. तात्यांची मालकीण आजारपणात गेली, आणि मुलाची तिशी बघता बघता मागं पडली. नकार येण्याचं कारण दरवेळी एकच, शेतकरी नको. यात मुलींचं काही चुकतं असं मला वाटत नाही, आणि मुलींना नावं ठेवत बसणाऱ्यांना मी दुकानात चहासुद्धा विचारत नाही. शिकून सवरून परत तीच चूल आणि तीच धारा असतील तर कोण हो म्हणेल? पण तात्यांचा मुलगा सरळ होता हेही खरं. आपण डोळे मिटले तर हा पोरगा एवढ्या घरात एकटा राहील, हा घोर तात्यांना लागून राहिला होता. एकदा दुकानात बसून त्यांनी तो मला बोलून दाखवला, आणि मग उपरण्यानं तोंड पुसून म्हणाले, "उन्हाचा लई तरास हाय यंदा." त्या दिवशी आभाळ आलेलं होतं.

दर आठवड्याला त्यांचा मेसेज यायचा, 'स्थळ हाय का?' मी लिहायचे, 'न्हाय तात्या, बघतेय.' मग त्यांचे जोडलेले दोन हात यायचे. असं किती दिवस चाललं होतं ते मी मोजलेलं नाही.

अशात बारामतीत सोशल मीडियावर व्यवसाय करणाऱ्यांची परिषद भरणार असल्याचं कळलं. कळवलं भाभीनं. भाभी म्हणजे माझ्या दुकानाला लागून असलेली मेंदीवाली. नवरीच्या हातावर नवऱ्याचं नाव असं लपवते की तो बिचारा पहाटेपर्यंत शोधत बसतो. तिचंही पेज आहे. ती म्हणाली, "चला ओ, आपण पण प्रोफेशनल हाय." मी म्हटलं, "आपण कसले प्रोफेशनल?" तर म्हणाली, "तुमी लग्नं लावता, मी रंग लावते. अजून काय पाहिजे?" एवढ्या पक्क्या युक्तिवादावर काय बोलणार. दुकान जावेवर सोपवलं आणि आम्ही सकाळची एसटी धरली.

हॉल मोठा, थंडगार. दारातच आमच्या गळ्यात नावाच्या पाट्या अडकवल्या. भाभीनं तिथल्या तिथं पाटीसकट फोटो काढला आणि पेजवर टाकला. आत बहुतेक पोरंपोरी, पुण्याहून आलेली, मांडीवर लॅपटॉप. आमच्यासारख्या साडीवाल्या तशा कमीच. पण मी काही बिचकले नाही. पहिल्या रांगेत जाऊन बसले. इतकं भाडं खर्चून मागं बसायला मी काय परीक्षा द्यायला आले होते?

शिकवायला पुण्याची एक मुलगी होती. केस बारीक कापलेले, हातात माइक, वय माझ्या शिलाई मशीनएवढं असेल. पण हुशार. तिनं आल्या आल्या विचारलं, "तुमच्यापैकी किती जणांची एंगेजमेंट चांगली आहे?" मी हात वर केला. ती माझ्याजवळ आली, म्हणाली, "वा, ताई, सांगा ना, किती आहे?"

मी म्हटलं, "गेल्या मोसमात बऱ्याच झाल्या. एक मोडली, पण ती हुंड्याच्या बोलण्यावरनं मीच मोडायला लावली."

सगळा हॉल हसला. मग कळलं की पेजवर लोक किती बोलतात, किती विचारतात, त्याला तिच्या भाषेत एंगेजमेंट म्हणतात. आमच्याकडं एंगेजमेंट म्हणजे साखरपुडा, त्याला मी काय करू? मीही हसले. ती मुलगी मात्र नुसती हसून थांबली नाही. म्हणाली, "ताई, तुमची व्याख्या जास्त चांगली आहे, आज दिवसभर तीच वापरू." आणि खरंच वापरली. तिथून ती मला आवडायला लागली.

तिनं सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी एका कानानं आल्या आणि दुसऱ्या कानानं गेल्या. हे बटण, ते बटण, आकड्यांचे डोंगर. पण एक गोष्ट पक्की बसली. ती म्हणाली, "तुम्ही काय विकता ते कुणाला ऐकायचं नसतं. माणूस दिवसभर काय करतो ते ऐकायचं असतं. त्याच्या दिवसाबद्दल विचारा." मी आमच्या धंद्याचा विचार केला. आम्ही सगळे मध्यस्थ काय टाकतो पेजवर? उंची, रंग, शिक्षण, बागायत, एकुलता एक. बाजारात बैल दाखवतात तेव्हासुद्धा तो औताला कसा चालतो ते सांगतात. पोरगा घरात कसा वागतो हे आम्ही कुणी सांगतच नव्हतो. मी भाभीला कोपर मारलं आणि म्हटलं, "येण्याचं भाडं वसूल झालं."

मग आपोआप उत्तर देण्याचा तास झाला. म्हणजे पेजवर कुणी काही विचारलं की आपण कामात असलो तरी मोबाइलनं स्वतःहून उत्तर पाठवायचं. पडद्यावर नमुन्याचं उत्तर झळकलं, 'हाय! तुम्ही विचारलंत, आनंद झाला. लवकरच भेटू.' ती म्हणाली, 'नमस्कार' जरा औपचारिक होतं, 'हाय' जवळचं वाटतं. सगळ्यांनी मोबाइल काढले, तिनं एकेक पायरी सांगितली, आम्ही तसंच केलं. मीही ते वाक्य वाचूनच घातलं. पण गळ्यात पाटी, डोक्यावर एसी आणि आजूबाजूला सगळं इंग्रजी. अशा ठिकाणी बसून 'हाय' वाचलं की ते हॅलोचं धाकटं भावंडच वाटतं. माझ्या स्वतःच्या जिभेवरचा शब्द मला तिथं ओळखू आला नाही. मोबाइल मुका करून ठेवायला सांगितलं होतं, तो मी पिशवीत टाकला.

पुढं आणखी दोन तास आकडे ऐकले, मग जेवणाची सुट्टी झाली. आम्ही ताटं घेऊन उभ्या होतो, भाभी गुलाबजाम मोजून घेत होती, तेवढ्यात दारावरचा वॉचमन आमच्याकडं आला. चेहरा गोंधळलेला.

"इंदापूरच्या ताई कोण? मुलाकडचे आलेत."

"कुणाच्या मुलाकडचे?" मी म्हटलं.

"तसं काय सांगत न्हाईत. मी म्हणलं पास दाखवा. तर म्हणाले, आमी मुलाकडचे हाय, आमाला कसला पास?"

मी ताट तसंच भाभीच्या हातात दिलं आणि बाहेर गेले. दारात तात्या उभे. डोक्याला फेटा. असा तसा नाही, लग्नात बांधतात तसा, तुरा काढलेला. नेसलेलं पांढरं धोतर, हातात पेढ्यांचा बॉक्स. मागं त्यांचा मुलगा, नव्या शर्टाच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत, नजर जमिनीवर.

"राम राम ताई," तात्या म्हणाले. "उशीर तर न्हाय ना झाला? पावणे आत हायत का?"

"कोण पाहुणे, तात्या?"

"आता काय, थट्टा करता व्हय." त्यांनी मोबाइल काढून माझ्यापुढं धरला. वर त्यांचाच नेहमीचा प्रश्न, 'स्थळ हाय का?' आणि त्याच्याखाली माझ्या पेजचं उत्तर, 'हाय! तुम्ही विचारलंत, आनंद झाला. लवकरच भेटू.'

तात्यांनी मग मला फोन लावला होता, तो पिशवीत मुका. म्हणून दुकानात लावला. माझी जाऊ म्हणाली, ताई बारामतीला गेल्यात, हॉलमध्ये. झालं. स्थळ हाय, लवकर भेटू, आणि ताई बारामतीच्या हॉलमध्ये. कुठल्याही मुलाच्या बापानं यातून दुसरा कोणता अर्थ काढला असता ते मला सांगा. मुलीकडची मंडळी घेऊन मी बारामतीत येऊन बसलेय, असंच त्यांना वाटलं, आणि ते फेटा बांधून आले.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, तात्या, मंडळी आली होती पण गेली. ओठांवर आलंही होतं माझ्या. पण मी तसली बाई नाही. त्यांना बाजूला लिंबाच्या सावलीत नेलं आणि सांगितलं, "तात्या, हे मी लिवलेलं न्हाय. मशीननं लिवलंय. आज सकाळीच बसवलं."

तात्यांनी मोबाइलकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मशीनला स्थळ कुटनं कळलं?"

"त्याला न्हाय कळलं. त्याला काहीच कळत न्हाय. ते आपलं कुणालाबी हाय म्हणतं."

"कुणालाबी?"

"व्हय."

"म्हंजी स्थळ..."

"न्हाय, तात्या."

आजवर हा शब्द मी त्यांना कितीदा लिहिला होता. तोंडावर म्हणायची ती पहिलीच वेळ. लिहायला सोपा आहे तो, बोलायला नाही. मला रडू आलं, आणि मला रडू आलं की राग येतो. मी त्या मशीनला, त्या एसीला, त्या पाटीला, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

तोवर ती शिकवणारी मुलगी आमच्या मागोमाग बाहेर आली होती. काय झालं म्हणून तिनं विचारलं, मी सांगितलं. ती आधी हसायला गेली आणि मग तिचा चेहरा उतरला. तात्यांना म्हणाली, "आजोबा, चूक माझी आहे. ते वाक्य मी दिलं होतं. आमच्याकडे हाय म्हणजे हॅलो."

तात्या शांतपणे म्हणाले, "आमच्यात हाय म्हंजी हाय, बाळ." मग त्यांनी पेढ्यांचा बॉक्स उघडून तिच्यापुढं धरला. "घे. आता हे घरी माघारी न्यायचं न्हाय. शुभ कामाचे हायत." तिनं पेढा घेतला, पण तो किती तरी वेळ तिच्या हातातच होता.

भाभीनं तात्यांना जबरदस्तीनं जेवायला बसवलं. ती आग्रह करायला लागली की पुढच्याला सुटका नसते. त्यांच्या ताटात पुलाव वाढता वाढता तिचा मोबाइल वाजला. मोरगावच्या कुणा बाईनं विचारलं होतं, लग्नाच्या तारखेला मेंदीला वेळ हाय का, आणि मशीननं तिलाही सांगून टाकलं होतं, हाय. भाभीनं पुलावाचा चमचा तसाच सोडला आणि त्या बाईला फोन लावायला पळाली. तात्यांनी तिच्याकडं बघितलं आणि तेवढ्या दुःखातही त्यांना हसू फुटलं. "ह्यांना बी मशीन गावलं व्हय," म्हणाले.

मुलगा जेवायला बसला नव्हता. नळापाशी उभा होता. मी त्याच्याजवळ गेले आणि म्हटलं, "तुझ्या तरी लक्षात यायला पाहिजे होतं की रे. शिकलेला आहेस तू."

"आलं व्हतं, ताई," तो म्हणाला. "बघितल्या बघितल्याच. औषधाच्या दुकानाच्या पेजवरनं बी मला असाच मेसेज येतो."

"मग बोलला का नाहीस?"

तो नळाची तोटी उगाच आवळत राहिला. "तात्यांनी ट्रंकेतनं फेटा काढला. आई गेल्यापास्नं त्यांनी त्या ट्रंकेला हात लावला नव्हता. आरशापुढं बांधत बसले व्हते, गुणगुणत. मी म्हणलं, जाऊ दे, बारामतीपतोर जाऊन येऊ. तेवढा येळ तरी खुश राहतील."

या पोराचा बायोडाटा मी कितीदा पेजवर टाकला होता. उंची होती त्यात, बागायत होती, ट्रॅक्टर होता. हे कुठं होतं? आणि सकाळी ऐकलेलं माझ्या डोक्यात चटकन आलं. मी विचारलं, "तू दिवसभर काय करतोस रे?"

"म्हंजी? ऊस."

"ऊस मला ठाऊक आहे. उठल्यापासनं सांग."

मागं ती शिकवणारी मुलगी उभी होती. तिनं हळूच माझा मोबाइल मागून घेतला आणि त्याला विचारलं, "व्हिडिओ काढला तर चालेल का? नको वाटलं तर लगेच पुसून टाकू." त्यानं मान हलवली. मग ती म्हणाली, "इकडे बघू नको. ताईंकडे बघ आणि बोल." एवढंच. पुढं ती एका शब्दानं मध्ये आली नाही. तिचं काम तिला येत होतं.

आणि तो बोलायला लागला. सकाळी चहा तोच करतो, तात्यांना बिनसाखरेचा. धारा काढून झाल्या की स्वयंपाकाला लागतो. कालवण जमतं, भात जमतो, चपातीसुद्धा बरी होते. "पर भाकरी फुगत न्हाय," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच जरा हसला. "आई तव्यावर टाकली की टम्म फुगायची. माझी आपली बसूनच राहती. तात्या म्हणत्यात, झ्याक झालीय. पर त्यांच्या दातांना चावत न्हाय ती, मला दिसतं ना."

तात्यांना ते दाखवलं आणि विचारलं, पेजवर लावू का. ते म्हणाले, "लावा. आता न्हाय म्हणायला काय उरलंय." फेटा त्यांनी काढून मांडीवर ठेवला होता. जाताना तो घडी करून पिशवीत घातला, आणि त्या आठवड्यापासून त्यांचा मेसेज यायचा बंद झाला.

परतीच्या एसटीत बसल्या बसल्या भाभीनं आणि मी ते आपोआप उत्तर काढून टाकलं. घालताना अर्धा तास लागला होता, काढताना शेळगाव आलं तरी निघेना. शेवटी कंडक्टरनं काढून दिलं.

व्हिडिओ मी लावला. लोकांनी बघितला, आणि आमच्याकडच्या बाप्यांनी आपली अक्कल पाजळली. कुणी हसण्याच्या बाहुल्या टाकल्या, कुणी लिहिलं, आता ह्याला नवरा बघा. मी एकालाही सोडलं नाही. प्रत्येकाला खाली उत्तर दिलं, 'तुमची भाकरी कोण करतं?' बरेच जण गप्प झाले. एकाच्या बायकोनं तिथंच लिहिलं, 'मी करते, आणि हे नावं ठेवतात.' त्या सगळ्या कल्लोळात एका मुलीची एकच ओळ आली होती, 'भाकरी मलाही येत नाही. चालेल का?'

मुलगी लासुर्ण्याची निघाली. शेतकीची पदविका झालेली, एका रोपवाटिकेत कामाला. मी लगेच कुणाला काही कळवलं नाही. आधी एसटीनं लासुर्ण्याला उतरले आणि तिला गाठलं. उसाच्या रोपांचे ट्रे ओळीनं मांडलेले आणि ती हातात पाइप घेऊन पाणी देत होती. पाइप काही तिनं बंद केला नाही, पाणी देता देताच बोलली. "मला माझी स्वतःची रोपवाटिका काढायचीय. पुण्यातला नोकरीवाला मला जागा कुठनं देणार? जागा आणि पाणी असलेलं घर पाहिजे, आणि मला चुलीपाशी बस म्हणणारं कुणी नको. घरचे म्हणतात, असं कुठं असतं का. मला त्या व्हिडिओत तसं घर असल्यासारखं वाटलं." तिच्या आईलाही भेटले. आईनं सगळं उलटसुलट विचारलं, आणि शेवटी म्हणाली, येऊ द्या बघायला. तेव्हा मी मोकळा श्वास घेतला. आता हे स्थळ होतं. खरोखरीचं.

दुकानात आल्या आल्या मी तात्यांना लिहिलं, 'तात्या, स्थळ हाय.'

त्यांनी बघितलं, तशा निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी मी आवाज भरून पाठवला. तोही ऐकला, उत्तर नाही. मग फोन लावला. मी बोलत होते, पलीकडं नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मग तात्या म्हणाले, "आता मशीन आवाज बी ताईंचा काढायला लागलं," आणि फोन ठेवून दिला. परत लावला तर मोबाइल बंद. मुलगा फोन उचलेना, तो उसाला पाणी द्यायला गेला की मोबाइल घरीच ठेवतो.

माझा असा काही संताप झाला म्हणून सांगू. एवढी वर्षं माझ्या शब्दाला किंमत होती, ती एका सकाळच्या मशीननं खाल्ली होती. भाभी म्हणाली, "जाऊ द्या, निरोप घेऊन दुसऱ्या कुणाला तरी पाठवा." मी म्हटलं, "दुसरं कुणी कशाला? शब्द माझा आहे, मीच नेणार." कापायला काढलेला ब्लाउज तसाच गुंडाळून ठेवला, इंदापुरातून एसटी धरली, बारामतीला बदलली आणि नीरेच्या गाडीनं कोऱ्हाळ्याला उतरले.

तात्या अंगणात खाटेवर बसले होते. मी फाटकातून आत आले तरी उठले नाहीत. मला वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं, चपलांवरची धूळसुद्धा.

"तुमी सोता आलाय?"

"मग काय, मशीन येस्टीनं आलं?" मी म्हटलं. "फोन ठेवता माझा. पाणी तरी विचारणार का न्हाय?"

आवाज ऐकून मुलगा स्वयंपाकघरातून बाहेर आला. कोपरापर्यंत हात पिठानं भरलेले. मी विचारलं, "फुगली का रे?" तो म्हणाला, "अजून न्हाय, ताई."

तात्यांनी दोन्ही हात खाटेच्या काठावर टेकवले. विचारावं की नको, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मला घाई करायची नव्हती. मी उभी राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, जसं दर आठवड्याला विचारायचे तसंच, फक्त आवाज बारीक होता.

"ताई, स्थळ हाय का?"

"हाय, तात्या," मी म्हटलं. "लासुर्ण्याचं हाय. तिला बी भाकरी येत न्हाय."

तात्या उठले आणि आत गेले. मुलगा आणि मी अंगणात तसेच उभे राहिलो. मला वाटलं, पाणी आणायला गेले असतील. मग आतून ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला.